पेठेतली पाठभिंत

मांडेसरच्या जुन्या पेठेत शिरलात की रस्ता सरळ चौकापर्यंत जातो आणि चौकाच्या ऐन मध्यावर अडतो. तिथं एक भिंत उभी आहे. ती घराची नाही, देवळाची नाही, वेशीचीही नाही. काळ्या दगडाची, पुरुषभर उंचीची, दोन्ही टोकांना मोकळी. मालाची गाडी आली की ड्रायव्हरला तिथं मागंपुढं करावंच लागतं, आणि नवा असला तर तो दोन शिव्याही हासडतो. बाहेरचा माणूस हमखास विचारतो, की ही पाडत का नाहीत? दुकानदार हसतात आणि त्याला माझ्याकडं पाठवून देतात. उत्तर लांब आहे, गिऱ्हाईक सोडून ते कुणी सांगत बसावं?

बसा. आधी तिची उगवतीकडची बाजू नीट बघा. कंबरेपासून खांद्यापर्यंतचे दगड कसे गुळगुळीत झालेत. कुण्या पाथरवटाचं काम नाही ते. माणसांच्या पाठी टेकून टेकून दगड असा झाला. म्हणून हिला पाठभिंत म्हणतात. पलीकडच्या अंगाला भट्टी आहे. दिवस कलला की ती पेटते आणि भिंत तापते. ज्यांना घर नाही, ज्यांच्याकडं परत जावं असं कुणी उरलेलं नाही, अशी माणसं येऊन या बाजूला बसतात. हे कधीपासून चालू आहे, ते नक्की कुणाला सांगता येणार नाही. पण कशामुळं चालू झालं, ते पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे.

असं सांगतात, की फार पूर्वी या चौकात ठकूबाई नावाची एक भडभुंजीण राहत होती. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, रामजीचं, चुरमुरे-फुटाण्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, पुढं फळ्या, वर कौलं, दोन बाजूंना मातीच्या भिंती आणि मागं भट्टीला टेकून ही दगडी भिंत. राहायचंही तिथंच. रामजी तापल्या वाळूत हरभरे टाकायचा, ठकूबाई चाळणीनं काढायची. मूलबाळ नव्हतं. पण दोघांचं बरं चाललं होतं.

एका वर्षी रामजी मिठाच्या तांड्याबरोबर घाट उतरून कोकणात गेला. भाजायला मीठ लागतं आणि थेट तिथून आणलं तर स्वस्त पडतं, एवढाच विचार. तांडा परत आला, रामजी आला नाही. कुणी म्हणालं, तापानं आजारी पडला म्हणून मागं राहिला. कुणी म्हणालं, खाडी ओलांडताना चुकामूक झाली. ठकूबाई वाट बघत राहिली. पहिल्या वर्षी रोज वेशीपर्यंत जाऊन यायची. मग सणावाराला जायची. मग जायची थांबली, पण कपाळाचं कुंकू आणि हातातल्या बांगड्या तशाच होत्या. गेल्याचा निरोप आला नव्हता, तर त्या उतरवायच्या तरी कशा?

दुष्काळाची वर्षं आली तशी खालच्या मुलखातली माणसं घाट चढून वर येऊ लागली. पाऊस झाल्यावर ज्यांची घरं होती ते परतले. ज्यांची नव्हती ते मांडेसरातच राहिले. कुणी विधवा, कुणी हातापायानं अधू, कुणाचं डोकं ठिकाणावर नाही. दिवसा मिळेल ते काम करायचे आणि सांजेला पेठेतल्या दुकानांच्या ओट्यांवर अंग टाकायचे. त्यातल्या एका आंधळ्या म्हातारीला ठकूबाईच्या भट्टीमागची भिंत उबदार असल्याचं पहिल्यांदा कळलं, असं सांगतात. हातानं चाचपत गेली आणि पाठ टेकून बसली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आली. ठकूबाईनं त्यांना उठवलं नाही. दुकान आवरताना चाळणीत उरलेले फुटाणे प्रत्येकाच्या ओंजळीत घालू लागली, आणि भट्टी विझवण्याऐवजी तीत दोन लाकडं जास्त सारू लागली.

पेठेला मात्र हे लोक जड झाले. पेठेचंही अगदीच चुकत होतं असं नाही म्हणता यायचं. सकाळी दुकान उघडायला यावं तर ओट्यावर माणूस निजलेला. बायका यायला कचरत. त्यातच एक साथ आली आणि ती यांच्यामुळंच आली असं ठरलं. बाहेरगावचे व्यापारी बैल शेजारच्या बाजाराकडं वळवू लागले. तेव्हा पेठेचा महाजन होता कोंडशेट. तो रामजीचा बाळपणापासूनचा सोबती. माणूस वाईट नव्हता, पण पेठ चालली पाहिजे ही जबाबदारी त्याच्या डोक्यावर होती. त्यानं पंच बसवले आणि ठरवून टाकलं, की दिवस मावळला की प्रत्येकानं आपल्या ओट्यावर बाभळीच्या काट्या पसरायच्या.

एका संध्याकाळी सगळी पेठ काट्यांनी भरून गेली. लोक ओट्यांपुढं उभे राहिले, काट्यांकडं बघत. मग एकेक करून चौकाकडं चालू लागले. उबदार भिंत तेवढी उरली होती.

कोंडशेट ठकूबाईकडं आला. दुकानासमोर उभं राहून म्हणाला, "वहिनी, उद्यापासून दिवेलागणीला भट्टी विझवत जा."

ती चाळणी झाडत होती. म्हणाली, "का हो भाऊजी?"

"ही माणसं इथं जमतात. पेठेचा ठराव झालाय."

ठकूबाईनं चाळणी खाली ठेवली. "तुमचे मित्र गेले त्याला किती काळ लोटला, तुम्हाला ठाऊक आहे. कुठंतरी असतील ते. कुणाच्या तरी दारात बसले असतील. तिथल्या बाईनं त्यांना उठवू नये असं मला वाटतं. मग मी इथं कुणाला कशी उठवू?"

कोंडशेट तसाच परत फिरला. पण ठरावही मागं घेता येईना. भट्टी विझली नाही, तसे पंच पुन्हा बसले. त्यांनी काढलं, की चौकातली जागा पेठेची आहे आणि ती रामजीला धंद्यासाठी दिली होती. रामजीच नाही, तर जागा तरी कशी राहील? दुसऱ्या दिवशी माणसं लावून दुकान उतरवलं. कौलं गेली, फळ्या गेल्या, मातीच्या भिंती कुदळीनं एका दुपारात भुईला मिळाल्या. मागची भिंत दगडी होती आणि पाथरवट दुसऱ्या गावी कामाला गेला होता. तो आला की पाडू, म्हणून ती राहिली. भट्टीही तिच्या आधारानं तशीच राहिली.

ठकूबाई चौकातल्या पिंपळाखाली बसून हे सगळं बघत होती. भांडली नाही, रडली नाही. माणसं निघून गेल्यावर तिनं पडलेल्या मातीतून आपली कढई आणि चाळणी काढली, पदरानं पुसली आणि भट्टी पेटवली. त्या संध्याकाळी फुटाणे वाटून झाल्यावर ती आत जायला वळली आणि थबकली. आत असं काही उरलंच नव्हतं. मग ती फिरून भिंतीच्या या बाजूला आली आणि आंधळ्या म्हातारीशेजारी पाठ टेकून बसली. म्हातारीनं हात लावून विचारलं, "नवी का गं तू?" ती म्हणाली, "हो. आजच आले."

त्या वर्षी थंडी अशी पडली म्हणे, की शेतातली उभी तूर करपून गेली. पाण्यावर पहाटेची पापुद्र्यासारखी साय धरायची. पेठेत कुणी दार उघडत नव्हतं. भिंतीशी मात्र माणसं एकाला एक चिकटून बसायची, आणि त्यात एक कोवळी बाळंतीण होती. तिचं मूल सगळ्यांत मधे, दगडाला लागून ठेवलेलं असायचं. गवताच्या काड्या, शेण्या, वाळकी पानं, जे मिळेल ते गोळा करून ठकूबाई भट्टी राखायची.

अशात एके दिवशी तिसऱ्या प्रहरी घाटाकडून एक माणूस आला. दाढी छातीपर्यंत, पायांना चिंध्या बांधलेल्या. कुणी काही विचारलं तर नुसता बघायचा. वाचा गेली होती, की आठवण, कुणास ठाऊक. चालत चालत चौकात आला, भट्टीपाशी क्षणभर थांबला आणि इतरांसारखाच भिंतीला टेकून बसला. ठकूबाईनं त्याच्या ओंजळीत फुटाणे घातले. ओंजळ करताना त्याच्या बाह्या मागं सरकल्या.

रामजीच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग होता. पोरवयात कढईतली वाळू अंगावर आली होती. तेव्हा कोंडशेट जवळच होता आणि त्यानंच धावत जाऊन कोरफड आणून लावली होती. डाग पालीसारखा उमटला होता, शेपटी मनगटावर. तो डाग पेठेत दोनच माणसांना नीट ठाऊक होता.

जुन्याजाणत्यांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, चाल रामजीची आहे. कुणी म्हणे, छे, रामजी उंच होता. बातमी कोंडशेटच्या कानावर गेली आणि तो स्वतः चौकात आला. त्या माणसासमोर उकिडवा बसला. बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. मग हळूच त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि बाही वर केली.

ठकूबाई मागं उभी होती. कोंडशेट वळून अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, हात बघितलात का?"

"बघितला," ती म्हणाली, आणि पुढं होऊन तिनं त्या माणसाची बाही खाली ओढली, वर घोंगडीचं टोक टाकलं.

कोंडशेट आनंदला होता. त्याच्याही मनाला तो पाडलेला संसार खात होता, आणि आता तो सगळा भरून काढायची वाट दिसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं चौकातच पंच बसवले. सगळी पेठ जमली. ठकूबाईला पुढं बोलावलं. कोंडशेट म्हणाला, "हा माणूस रामजी आहे असं तुम्ही सांगा. जागा रामजीची, ती त्याला परत मिळेल. पेठ आपल्या खर्चानं घर बांधून देईल. भिंत तीच राहील, तिच्या चहूबाजूंनी घर उठेल."

ठकूबाईनं विचारलं, "आणि ही माणसं?"

एक पंच म्हणाला, "घर झाल्यावर ती कशी राहतील? तुमचं घर, तुमचं दार. त्यांना जावं लागेल. ती अट आहेच."

"कुठं जातील?"

"ते पेठेनं कशाला बघायचं?"

ठकूबाई भिंतीकडं वळली. आंधळी म्हातारी बोलण्याच्या दिशेनं कान लावून बसली होती. बाळंतिणीनं मूल पदराखाली घट्ट धरलं होतं. तो माणूस त्यांच्याच ओळीत, सगळ्यांसारखाच, पाठ टेकून बसला होता. ऊन त्याच्या पायांवर पडलं होतं आणि तो आपल्या पायांकडं बघत होता. असं सांगतात, की ठकूबाई त्या ओळीकडं बघत उभी राहिली. इतका वेळ, की लोक चुळबुळू लागले.

मग ती म्हणाली, "हा माझा नव्हे."

कोंडशेट उठून उभा राहिला. "वहिनी, नीट बघून सांगा."

"नीट बघितलं, भाऊजी. माझा माणूस वेगळा होता. हा कुणी वाटसरू आहे. बसू द्या त्याला."

सगळी पेठ कोंडशेटच्या तोंडाकडं बघत होती. त्यानं एक शब्द काढला असता तर ती खोटी पडली असती. तिचं घर झालं असतं, तिचा नवरा तिला मिळाला असता, आणि भिंतीशी बसलेली माणसं त्या थंडीत वेशीबाहेर गेली असती. कोंडशेटला हे सगळं त्या घटकेला कळलं. तो उभ्याचा खाली बसला. पंचांनी विचारलं, मग आता भिंतीचं काय करायचं, पाथरवट गावात आलाय. कोंडशेट म्हणाला, "भिंत राहू द्या."

एवढं बोलून तो घरी गेला आणि सगळ्यांच्या देखत आपल्या ओट्यावरच्या काट्या हातानं काढू लागला. हात रक्तानं भरले. गडी मदतीला धावला, तर त्याला त्यानं बाजूला केलं. सांज होईतो पेठेतल्या निम्म्या ओट्यांवरच्या काट्या निघाल्या होत्या. उरलेल्या होळीत जळाल्या, असं म्हणतात.

तो माणूस फाल्गुनापर्यंत भिंतीशी होता. ठकूबाई त्याला काही वेगळं देत नव्हती. जेवढे फुटाणे आंधळ्या म्हातारीला, तेवढेच त्याला. ती त्याच्याशेजारी बसली नाही. एकदा बोलून गेलेला शब्द तिला पाळावा लागत होता. बसली असती तर कुणीतरी बघितलं असतं आणि घराची गोष्ट पुन्हा निघाली असती. फक्त ती कढईशी असायची तेव्हा तो कधीकधी भिंतीला वळसा घालून यायचा आणि वाळूत हरभरे उडताना बघत उभा राहायचा. हरभरे फुटून झाले की तो परत आपल्या जागी जायचा. त्यानं तिला ओळखलं होतं का? पेठेत यावर पुष्कळ बोलणं होतं, पण खरं कुणालाच माहीत नाही.

फाल्गुनातल्या एका सकाळी तो उठला नाही. आता याला अग्नी कोण देणार? कोंडशेट पुढं आला. लोकांना वाटलं, महाजन म्हणून देतोय. ठकूबाई वेशीपर्यंतसुद्धा गेली नाही. कुठल्या नात्यानं जाणार? ओढ्याकाठी धूर दिसू लागला तेव्हा ती कपाळाला कुंकू, हातात बांगड्या, अशी भट्टीपुढं बसून चुरमुरे भाजत होती. एका गिऱ्हाइकाला माप घातलं. दुसऱ्याशी हवापाण्याचं बोलली. असं सांगतात, की त्या दिवशीचे सगळे चुरमुरे करपले आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

पुढं ती पुष्कळ वर्षं जगली. कोंडशेटनं कितीदा तरी घर बांधून देतो म्हटलं, तिनं घेतलं नाही. भिंतीशीच राहिली आणि एका सकाळी भिंतीशीच गेली. सवाष्ण गेली म्हणून पेठेतल्या बायका हळदकुंकू, हिरवं लुगडं घेऊन जमल्या. तिला न्हाऊ घातलं, मळवट भरायला एकीनं कुंकवाची वाटी उचलली. तेवढ्यात कोंडशेट आला. तोही आता थकला होता, दोघांच्या आधारानं आला. म्हणाला, "थांबा. तिच्या बांगड्या उतरवा."

बायका दचकल्या. एक म्हातारी म्हणाली, "शेट, असं अभद्र बोलू नये. मालक गेल्याचं कुणी ऐकलं नाही."

"मी त्याला जाळलाय," कोंडशेट म्हणाला. "या हातांनी. तिलाही ठाऊक होतं आणि मलाही." आणि मग इतकी वर्षं न बोललेलं सगळं त्यानं तिथं सांगितलं. डागाचं सांगितलं. पंचांपुढं ती काय म्हणाली आणि का म्हणाली, तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, "आपण तिला विचारलं, हा कोण, तुझा का परका. विचारलं नसतं तर तिला परका म्हणावं लागलं नसतं. तिला त्याच्यासाठी रडता आलं नाही. आता बांगड्या उतरवा. एवढ्यानं तरी तो तिचा होईल."

त्या म्हातारीनंच ठकूबाईचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी, न फोडता, तेल लावून हळूहळू काढली.

तिला पोचवून आल्यावर पेठ भिंतीपाशी जमली. तिथं कोंडशेटनं शपथ घातली आणि ती पेठेनं उचलली. ही भिंत कुणाच्या घरात जाणार नाही. भट्टी पेठेनं राखायची. आणि या भिंतीला जो पाठ टेकील, त्याला नाव, गाव, जात, नातं यातलं काहीही कुणी विचारायचं नाही.

काळ बदलला तसं त्यात थोडं बदललंय. लाकडं आता वखारीतून येतात, पाळी दुकानांत फिरते, बेकरीवालाही आपली पाळी चुकवत नाही. भट्टीवर मोठं घंगाळ असतं, त्यातलं ऊन पाणी अंघोळीला मिळतं. सलूनवाले सोमवारी सुट्टी असली तरी सकाळी येऊन दाढ्या-केस करून जातात. टेलर फाटकं उसवलेलं शिवून देतात, आणि दवाखान्यातल्या बाई आठवड्यातून एकदा पिशवी घेऊन येतात. त्यांना सुरुवातीला फार अवघड गेलं. त्यांनी मला विचारलं, नाव न विचारता माणसाला औषध कसं द्यायचं? मी म्हटलं, दुखतंय कुठं ते विचारा.

तुम्हालाही सांगून ठेवतो, कारण आपल्याकडं माणूस भेटला की पहिला प्रश्न तोच येतो जिभेवर. आता थोड्या वेळात ऊन उतरेल आणि माणसं यायला लागतील. तुम्ही खुशाल बसा त्यांच्याजवळ, फुटाणे घ्या, हवेचं बोला, पायांचं बोला. गाव कोणतं, तेवढं विचारू नका. आजही पेठेत ते कुणी विचारत नाही. ज्याला आपणहून सांगावंसं वाटतं, त्याचं हातातलं काम सोडून ऐकतात.

बहुतेक जण सांगत नाहीत.